दगडाला दशा सुटल्या होत्या

सोळा वर्षं मी दगड कापते. आमच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात मागच्या बाजूला एक लांबट खोली आहे, तिथे माझं कटिंग मशीन. विद्यार्थी दगड आणतात, मी त्यांचे थिन सेक्शन, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे पातळ काप, करून देते. डायमंड ब्लेडवर बिस्किटाएवढा तुकडा काढायचा, त्याची एक बाजू कार्बोरंडमच्या पावडरीवर घासून गुळगुळीत करायची, ती काचेवर चिकटवायची आणि मग दुसऱ्या बाजूने घासत घासत जाडी ०.०३ मिलिमीटरवर आणायची. इतका पातळ झाला की काळा कुळकुळीत बसाल्टसुद्धा उजेड आरपार सोडतो. सोळा वर्षांनंतरही तो क्षण मला आवडतो.

पुण्यात राहून हात बसतो तो बसाल्टवर. आठवड्याला दहा नमुने आले तर आठ बसाल्टचेच. माझ्या सगळ्या सवयी त्याच दगडाने लावलेल्या. ब्लेडवर पाणी सोडायचं, म्हणजे धूळ उडत नाही. कापून झालं की ट्रेमधला गाळ सवडीने काढायचा. पाणी सोडलं म्हणजे काळजी संपली, असं मला शिकवलं गेलं होतं आणि पुढे मीही तेच शिकवलं.

त्या एप्रिलमध्ये एमएस्सीची मुलं राजस्थानच्या सहलीवरून आली. उदयपूरच्या दक्षिणेला ऋषभदेव आहे, त्यालाच केसरियाजी म्हणतात. तिथला हिरवा दगड बाजारात ‘ग्रीन मार्बल’ म्हणून विकला जातो आणि आपल्याकडच्या कितीतरी जिन्यांवर, ओट्यांवर बसलेला आहे. तो मार्बल नाही. तो सर्पेंटिनाइट नावाचा वेगळाच खडक. एका मुलीने त्याचा नारळाएवढा तुकडा आणला होता. गडद हिरवा, आणि त्यातून बोटाच्या पेराएवढ्या रुंदीची एक फिकट, रेशमासारखी चमकणारी शीर गेलेली. मला ती सुंदर वाटली. बुधवारी संध्याकाळी मी तो कापला, नेमका शिरेवरून, कारण मुलीला तीच हवी होती. पाणी सोडलेलं होतं, तोंडाला तीन पदरी निळा मास्क होता. ब्लेडपुढचं झाकण तुटलेलं होतं. नवीन मिळावं म्हणून वर्षभरात दोन अर्ज केले होते. त्यामुळे चिखलाचे शिंतोडे मागच्या भिंतीवर आणि फरशीवर नेहमीसारखे उडाले. साडेपाच वाजले, मी मशीन बंद केलं.

गुरुवारी पाणी बंद. पुण्याच्या माणसाला यात काही सांगायला नको. टाकीत उरलेलं पाणी संडासासाठी राखून ठेवलं, ट्रे धुणं शुक्रवारवर गेलं. एप्रिलचं ऊन, वर पंखा. दीड दिवसात तो चिखल कडकडीत वाळला.

शुक्रवारी सव्वादहाला मी पोहोचले तेव्हा मावशींचा केर काढून होत आला होता. नाकावर पदर बांधलेला, पंखा सुरू. पूर्वेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप थेट मशीनपर्यंत येते. त्या तिरिपेत काहीतरी तरंगत होतं आणि चमकत होतं. बसाल्टची धूळ करडी, मंद असते, लवकर खाली बसते. ही बसत नव्हती.

मी टेबलावरचा बुधवारचा तुकडा उचलला. ओला असताना त्याची कड सुरीने कापल्यासारखी स्वच्छ दिसली होती. आता वाळल्यावर शिरेच्या जागी पांढरी लव उभी राहिली होती. माझी आई शिवणकाम करायची. कापड कापून ठेवलं आणि कडेला टीप घातली नाही, की दशा सुटतात. या दगडाला तशाच दशा सुटल्या होत्या. पोटात गोळा आला.

“मावशी, थांबा. केरसुणी आहे तिथेच खाली ठेवा. आपटू नका. बाहेर चला.”

“झालंच की मॅडम, एवढा कोपरा राहिलाय.”

“राहू दे. चला.”

पंखा बंद केला, दार ओढून घेतलं. सरांना बोलावलं. आमचे सर खनिजशास्त्र शिकवतात. त्यांनी तुकडा ओला केला, चिमट्याने दोन तंतू सोडवले आणि १.५५० अपवर्तनांकाच्या तेलात ठेवून पाहिले. तंतू तेलात जवळजवळ दिसेनासे झाले. खनिजाचा आणि तेलाचा अपवर्तनांक जुळला की असं होतं. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “क्रायसोटाइल.” म्हणजे पांढरं ॲस्बेस्टॉस.

नुसत्या डोळ्यांना दिसते ती तंतूंची जुडी. त्यातला एकेक तंतू म्हणजे खनिजाच्या पापुद्र्याची गुंडाळी झालेली नळी असते आणि तिची जाडी केसाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी. असा तंतू तासन्‌तास हवेत राहतो. माझ्या निळ्या मास्कला आणि मावशींच्या पदराला त्याच्यापुढे काही अर्थ नव्हता. पाण्याने बुधवारी मला वाचवलं, हे खरं. पण पाण्याने तंतू नाहीसे केले नव्हते, चिखलात धरून ठेवले होते. चिखल वाळला तसे सुटले, आणि केरसुणी होती मावशींच्या हातात. मी कापलेला दगड त्यांच्या श्वासात गेला. ही गोष्ट मला अजून पचलेली नाही.

मावशी बाहेर पायरीवर बसून पदर झटकायला लागल्या तेव्हा सर जवळजवळ ओरडलेच. १९६५ साली लंडनमध्ये झालेल्या अभ्यासात मेसोथेलिओमाचे, म्हणजे फुप्फुसावरच्या आवरणाच्या कर्करोगाचे, असे रुग्ण सापडले होते ज्यांनी ॲस्बेस्टॉसचं काम कधी केलंच नव्हतं. त्यांच्या घरातलं माणूस ते काम करायचं आणि धूळ अंगावरच्या कपड्यांतून घरी यायची. मावशींच्या घरी दोन वर्षांचा नातू आहे. मी त्यांना म्हटलं, साडी इथेच सोडा, ओली करून पिशवीत बंद करू. त्या कबूल होईनात. लेकीने दिवाळीला घेतलेली साडी होती. शेवटी सरांच्या पत्नी जवळच राहतात, त्या साडी घेऊन आल्या. मावशी अंघोळ करून ती नेसल्या, आणि त्यांची साडी, माझा ड्रेस दोन्ही ओल्या अवस्थेत दुहेरी पिशवीत गेले.

खोली शनिवारी इमारत रिकामी झाल्यावर साफ केली, मी आणि सरांनीच. भोसरीतून पी-१०० फिल्टरचे रबरी मास्क आणले. साबणाचं पाणी फवाऱ्याने सगळीकडे मारलं, भिजू दिलं, आणि फडक्याने पुसलं. फडकं पुन्हा पिळायचं नाही, घडी घालून थेट पिशवीत. कार्यालयातून कुणीतरी व्हॅक्युम क्लीनर देऊ केला, तो आम्ही घेतला नाही. साधा व्हॅक्युम हे तंतू एका बाजूने ओढतो आणि दुसऱ्या बाजूने खोलीभर सोडतो. केरसुणीही पिशवीत गेली. गाळ नळाखाली सोडला नाही. पिशव्यांवर चिठ्ठ्या लावून त्या घातक कचऱ्यासाठी वेगळ्या ठेवल्या.

छातीच्या डॉक्टरांकडे मी मावशींना घेऊन गेले. ते शांतपणे बोलले. धोका साठत जातो, वर्षानुवर्षं श्वासात गेलेल्यांना तो मोठा असतो, एका सकाळचा फार थोडा. पण हा आजार झालाच तर वीस-चाळीस वर्षांनी दिसतो, त्यामुळे आज एक्स-रे काढून काही कळणार नाही. तारीख लिहून ठेवा, म्हणाले.

रिक्षात मावशींनी विचारलं, “म्हणजे मला काही झालं नाही ना?”

“डॉक्टर म्हणाले, धोका फार थोडा आहे.”

“थोडा म्हणजे किती?”

मी त्यांचा हात धरला. याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आता कुठलाही तंतुमय नमुना आधी बंद पिशवीतच सूक्ष्मदर्शकाखाली जातो. आपल्या बसाल्टच्या पोकळ्यांमध्ये मॉर्डेनाइट नावाच्या खनिजाचे कापसासारखे पुंजके असतात, त्यांनाही हाच नियम. तो ॲस्बेस्टॉस नाही, झिओलाइट नावाच्या खनिजगटातला आहे; पण तुर्कस्तानातल्या कराइन गावात एरिओनाइट नावाच्या दुसऱ्या एका तंतुमय झिओलाइटने माणसं मेसोथेलिओमाने गेली. तिथे कारखाना नव्हता, घरांच्या दगडात आणि मातीतच ते होतं. शंका असेल तर सर आधी तेलात बघतात. सेक्शन करावाच लागला, तर पातळ रेझिन दगडात मुरवून, ते घट्ट झाल्यावरच ब्लेडला लावते. तंतू रेझिनने धरले, की दशा सुटत नाहीत. कापून झालं की ट्रे, भिंत, फरशी ओली असतानाच पुसते, मीच पुसते, आणि मग घरी जाते. ब्लेडपुढे नवीन झाकण बसलं. त्या खोलीत केरसुणी येत नाही.

मावशी मात्र येतात. दारात उभ्या राहून विचारतात, “मॅडम, आज काळा का हिरवा?” मी काळा म्हटलं, तरी त्या ओलं फडकंच घेतात. आणि बुधवारी दुपारनंतर मी मशीन लावत नाही. दुसऱ्या दिवशी पाणी नसतं.