नवा टर्बोसुद्धा चारच महिन्यांत का गेला

जळगावात मी जुनी डिझेल गाडी घेतली तेव्हा ती एक लाख वीस हजार किलोमीटर धावलेली होती. पहिल्याच उन्हाळ्यात धुळ्याच्या रस्त्यावर तिचा पिकअप गेला आणि मागे निळसर धूर दिसू लागला. गॅरेजमध्ये टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा, बदलून मिळाला, पण तोही चारच महिन्यांत गेला. त्यानंतर भुसावळच्या एका वयस्क मिस्त्रींनी टर्बोला ऑइल पोहोचवणारी करंगळीएवढी नळी काढली, ती उन्हाकडे धरली आणि म्हणाले, "भाऊ, उजेड दिसतो का पाहा." नळी आतून काजळीने जवळपास बुजलेली होती. पहिल्या मिस्त्रीने टर्बो नवा बसवला, पण नळी तीच ठेवली होती.

टर्बोचा शाफ्ट, म्हणजे पंख्याचा दांडा, मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि बहुतेक गाड्यांत तो ऑइलच्या पातळ थरावरच तरंगत असतो, त्यामुळे तो थर क्षणभर तुटला तरी बेअरिंग घासले जाते. म्हणून टर्बो गेला की आधी ऑइलची नळी, परतीचा पाइप आणि इंजिनाखाली ऑइल साठते त्या चेंबरमधला गाळ तपासावा, जुन्या पंख्याचा तुटलेला तुकडा इंटरकूलरमध्ये (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणाऱ्या भागात) राहिला आहे का तेही पाहावे आणि मगच नव्या टर्बोवर पैसे घालावेत.

जुनी गाडी घेताना इंजिन थंड असू द्यावे आणि टर्बोकडे हवा नेणारा पाइप काढून शाफ्ट बोटांनी हलवून पाहावा. आडवा किंचित हलला तर चालते. मात्र आतबाहेर सरकत असेल किंवा पाती कडेला घासत असतील, तर गाडी सोडून द्यावी. पाइपात ऑइलचा हलका ओलावा असतोच, थारोळे मात्र नसावे. विकणाऱ्याने इंजिन आधीच गरम करून ठेवले असेल, तर मला शंका येते.

आपल्याकडची धूळ, कापसाच्या हंगामात उडणारी रुई आणि चव्वेचाळीस अंशांचे ऊन लक्षात घेता, पुस्तिकेत ऑइल बदलण्यासाठी पंधरा हजार किलोमीटर लिहिलेले असले तरी मी साडेसात हजारांवरच बदलतो, अर्थात पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच. एअर फिल्टर हवेच्या जोरदार फवाऱ्याने साफ करून पुन्हा बसवण्याची सवय मात्र मी सोडली, कारण त्याचा कागद फाटला की धूळ थेट पंख्यावर जाते.

गाडी बंद करण्याचीही रीत आहे. चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढून वर आलो की टर्बो तापलेला असतो. त्याच क्षणी चावी फिरवली तर ऑइलचा प्रवाह थांबतो आणि आत उरलेले ऑइल करपून काजळी धरते. माझी नळी बहुधा अशीच बुजली असावी. म्हणून टपरीपुढे गाडी उभी केल्यावर मी मिनिट-दीड मिनिट इंजिन चालू ठेवतो. तोवर घरची मंडळी उतरून चहा सांगून मोकळी झालेली असतात आणि माझा कप थोडा निवलेलाच हाती येतो.