अकरा तारीख, वीस तारीख आणि आखडलेली बोटे

आमवाताच्या माणसाने नोकरी सोडून घरून काम सुरू केले, की नात्यागोत्यात आणि शेजारीपाजारी एकच वाक्य ऐकू येते, "बरं झालं, आता जरा आराम मिळेल." माझ्याही वाट्याला ते पुष्कळदा आले. बोलणाऱ्यांच्या मनात माया असते याबद्दल मला शंका नाही. पण या समजुतीवर विसंबून कोणी राजीनामा लिहू नये असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या अकाउंट्स विभागात मी काम करीत होते. आता सांगलीत घरी बसून छोट्या व्यापाऱ्यांचे आणि वर्कशॉपवाल्यांचे हिशेब लिहिते, त्यांची जीएसटीची रिटर्न भरते. आजार तोच आहे, गोळ्या त्याच आहेत आणि काम पूर्वीपेक्षा थोडे जास्तच आहे. फरक पडला तो इतकाच, की दिवसातले कोणते तास कामाला द्यायचे आणि कोणते शरीराला, हे आता मी ठरवते, आणि त्याची जी किंमत पडते तीही मीच भरते.

ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. वयोमानाने गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते, सांधे सुजतात, आणि वेळेवर औषध मिळाले नाही तर ते वाकडे होतात. सकाळी बोटे आखडलेली असतात आणि हा ताठरपणा तासाभराहूनही अधिक टिकू शकतो. उठल्यावर मी कोमट पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून बसते, मग डाव्या हाताने उजव्या हाताचे एकेक बोट हळूहळू सरळ करते. तर्जनी आणि मधले बोट सगळ्यांत शेवटी सुटतात, आणि टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे टाकताना नंबरपॅडवर नेमकी तीच दोन बोटे लागतात. चहाचा कप कानाला धरून उचलता आला, की कामाला बसायला हरकत नाही असे मी समजते. काही दिवशी हे साडेआठला होते, काही दिवशी अकराला, आणि आजाराने उचल खाल्ली असेल त्या दिवशी होतच नाही.

कारखान्यातली हजेरी मात्र रोज एकाच वेळेची होती. तिथली माणसे वाईट होती असे मी म्हणणार नाही. साहेबांनी खुर्ची बदलून दिली, बरोबरच्या मुली जड फायली उचलून देत. तरीही वर्षअखेर आली की रजा शिल्लक नसे, आणि दर वेळी कोणाकडे तरी शब्द टाकावा लागे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने, म्हणजे २०१६ च्या कायद्याने, सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आले तर त्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही, त्याला झेपेल असे दुसरे काम द्यावे लागते. खाजगी कारखान्यातल्या माणसाला तसे संरक्षण या कायद्याने दिलेले नाही. तिथे बरेचसे वरिष्ठांच्या समजूतदारपणावर चालते.

मला नोकरी सोडायला लावणारी गोष्ट मात्र वेगळीच होती, आणि बाहेरच्या माणसाला ती क्षुल्लक वाटेल. मेथोट्रेक्सेट हे या आजारातले मुख्य औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, आणि ते घेतल्यावर दुसऱ्या दिवशी अनेकांना मळमळ आणि थकवा येतो. नोकरीत असताना मी ती गोळी शनिवारी रात्री घेत असे, कारण रविवारी अंथरुणात पडून राहिले तर कोणाला जाब द्यावा लागत नसे. म्हणजे हक्काची एकुलती एक सुट्टी औषधाच्या थकव्यात जायची. घरच्यांबरोबर जेवायला, देवळात, लग्नकार्याला मी नसायचीच. स्वतःचे काम सुरू केल्यावर डॉक्टरांना विचारून गोळीचा वार मी मंगळवार केला. बुधवारी फक्त फोन आणि कागद लावणे, बाकी काही नाही. रविवार घराला परत मिळाला. माझ्या लेखी या साऱ्या खटाटोपाचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे, उत्पन्नाचा क्रम त्याच्या नंतर लागतो.

आता सरकारी मदतीबद्दल, कारण लोक पहिल्यांदा तेच विचारतात. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन असे दीर्घकाळचे आजार त्यात आले, ही फार मोठी गोष्ट झाली. आमवात त्या यादीत नावानिशी नाही. सांधे वाकडे होऊन हालचाल कायमची कमी झाली, तर ती चलनवलनविषयक दिव्यांगत्वात मोजली जाते आणि टक्केवारी ठरते; बहुतेक सवलतींसाठी ती किमान ४० टक्के लागते. प्रमाणपत्र असेल तर प्राप्तिकरात ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्के वा अधिक असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते, तीही जुन्या कररचनेतच. दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडून व्यवसायासाठी कर्जही मिळते, पण तिथेही हीच टक्केवारी पाहतात. माझ्यासारख्यांची अडचण अशी, की औषध चांगले लागू पडले म्हणून सांधे सरळ राहिले, आणि सांधे सरळ राहिले म्हणून टक्केवारी भरत नाही. तपासणीच्या दिवशी मूठ किती मिटते ते डॉक्टर मोजू शकतात, पण पुढच्या आठवड्यात ती मिटेल की नाही याला मोजपट्टी नाही. या आजाराचे खरे अपंगत्व त्या अनिश्चिततेत आहे, आणि कायद्याने कधीतरी तिचाही विचार करावा असे मला पोटतिडकीने वाटते. तोवर, ज्यांची टक्केवारी भरत असेल त्यांनी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, जरूर काढून घ्यावे. आणि ज्यांची भरत नाही त्यांनी योजनांच्या भरवशावर धंद्याचे गणित मांडू नये.

गणित मांडायचे ते धंद्याच्या तारखांवर. कोणी म्हणेल की शरीराचा भरवसा नसलेल्या बाईने तारखांचा धंदा का निवडावा. मला येत होते ते हेच काम, आणि सांगलीत त्याला गिऱ्हाईक आहे. मासिक रिटर्न भरणाऱ्याची विक्रीची यादी, म्हणजे जीएसटीआर-१, पुढच्या महिन्याच्या अकरा तारखेपर्यंत जावी लागते आणि कराचे रिटर्न वीस तारखेपर्यंत. उशीर झाला तर दिवसागणिक विलंबशुल्क आहेच. पण व्यापारी त्या शुल्काला एवढा भीत नाही. त्याची खरी भीती अशी, की अकरा तारीख हुकली तर त्याच्याकडून माल घेणाऱ्या पार्टीला त्या महिन्यात कराचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, दिसत नाही आणि पार्टी पैसे अडवून धरते. म्हणून गिऱ्हाईक घेतानाच मी निवड केली. वार्षिक उलाढाल पाच कोटींपर्यंत असलेल्यांना तिमाही रिटर्नची सोय आहे. तिथे तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांच्या कराचा भरणा पुढच्या महिन्याच्या पंचवीस तारखेपर्यंत करावा लागतो, पण पूर्ण रिटर्न तीन महिन्यांतून एकदाच, आणि महाराष्ट्रासाठी त्याची तारीख बावीस आहे. हार्डवेअरचे दुकान, मेडिकल, कापडाचे छोटे दुकान असे ज्यांची विक्री थेट घरगुती गिऱ्हाइकाला होते, त्यांना मी समजावून तिमाही योजनेत नेले. मासिक रिटर्नवाले मोजकेच ठेवले. बिले पाच तारखेपर्यंत माझ्याकडे पोहोचली पाहिजेत, ही अट पहिल्याच दिवशी लिहून दिली. पाच ते अकरा या मधल्या दिवसांत एखादा दिवस हाताने दगा दिला तरी काम निभावते. दहा तारखेला बिलांची पिशवी आणून टाकणारा माणूस मला परवडत नाही, तो कितीही फी देवो.

आजाराबद्दल गिऱ्हाइकाला सांगावे की नाही, यावर मी बराच काळ घोळत होते. पुष्कळ जण न सांगण्याचा सल्ला देतात आणि त्यात तथ्यही आहे, कारण काम हातून जाण्याची भीती खरी असते. माझ्या बाबतीत निर्णय शेवटी कामाच्या रीतीनेच करून टाकला. रिटर्न भरताना ओटीपी गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर जातो. मी आडवी पडले असताना माझ्या जागी दुसऱ्या कोणी रिटर्न भरायचे, तर तो ओटीपी मालकाने त्या दुसऱ्या व्यक्तीला सांगायला हवा, आणि ती व्यक्ती कोण हे त्याला आधी ठाऊक हवे. विश्रामबागेत राहणारी माझी एक मैत्रीण हेच काम करते. तिच्याशी मी बोलणे केले: माझ्या आजाराने उचल खाल्ली असेल तेव्हा तिने माझी रिटर्न भरायची आणि त्या महिन्याची त्या गिऱ्हाइकाची फी तिने घ्यायची, तिच्या घरी अडचण असेल तेव्हा तेच मी करायचे. मग प्रत्येक गिऱ्हाइकाकडे तिला घेऊन जाऊन ओळख करून दिली आणि आजाराचे नावही सांगितले. बेदाण्याचे व्यापारी असलेले एक काका सगळे ऐकून म्हणाले, "ताई, ते दुखणं तुमचं तुम्ही बघा, औषध सोडू नका. पण अकरा तारखेला पार्टीचं बिल दिसलं पाहिजे, मग तुम्ही भरा नाहीतर ह्या ताईंनी भरा." मला हे बोलणे सहानुभूतीपेक्षा मोलाचे वाटले, कारण त्यांना काय हवे आहे ते एका वाक्यात कळले आणि ते देणे मला शक्य होते. एका दुकानदाराने मात्र महिन्याभरात दुसरा माणूस पाहिला. वाईट वाटले, पण अशा माणसाचे काम ऐन आजारपणात अंगावर असण्यापेक्षा ते आधीच गेलेले बरे.

दराबद्दल एकच गोष्ट आग्रहाने सांगते. आजारी माणूस दर सांगताना आवाज खाली आणतो. आपण कमी पडू, काम उशिरा होईल, म्हणून आधीच थोडे कमी मागून ठेवतो. हे करू नये. नोकरीत आजारपणाची रजा पगारी असते, इथे ती आपल्याच फीतून काढावी लागते. शिवाय दर काही महिन्यांनी यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या, वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी, मिरजेच्या फेऱ्या हा सगळा खर्च त्याच फीत बसवायचा असतो. म्हणून मी तासावर दर न लावता महिन्याची ठरावीक फी घेते आणि वर्षाचा हिशेब मांडताना सगळे महिने भरउत्पन्नाचे धरत नाही. पैसे वेळेवर येण्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, केली, ती ऑनलाइन आणि फुकट होते. नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत चुकते करावेत असा कायदा २००६ पासून आहे. अलीकडे त्याला प्राप्तिकराची जोड मिळाली: ती मुदत उलटून वर्षअखेरीस रक्कम थकीत राहिली, तर तो खर्च देणाऱ्याला त्या वर्षी वजा मिळत नाही. सांगलीच्या बाजारपेठेत कोणी कोणावर दावा लावत नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक छापला की मार्चमध्ये जुनी फी आपोआप जमा होते, एवढा अनुभव मी नक्की सांगू शकते.

राजीनाम्यापूर्वीची कामे मी सर्वांत महत्त्वाची मानते. नोकरीतला सामूहिक आरोग्यविमा सहसा जुन्या आजारासह चालतो. बाहेर पडून नवी पॉलिसी घ्यायला गेलात, तर आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ लागू शकतो. २०२४ पूर्वी ही मर्यादा चार वर्षांची होती. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, आणि तिची चौकशी नोकरीवर असतानाच, मुदत हातात ठेवून करावी. शेवटचा पगार घेतल्यावर नव्हे. ग्रॅच्युइटीला एरवी पाच वर्षांची सलग सेवा लागते, पण दिव्यांगत्वामुळे नोकरी सुटली तर ती अट लागू होत नाही, हे अनेकांना माहीत नसते. भविष्यनिर्वाह निधीला मी हात लावला नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना रुग्णालयात दाखल होण्याच्या वेळी उपयोगी पडते. रोजच्या गोळ्यांचा खर्च मात्र घरूनच होतो, आणि त्यासाठी जनऔषधी केंद्रात चौकशी करून पाहावी.

येत्या नोव्हेंबरमध्ये माझ्या उजव्या मनगटाची शस्त्रक्रिया ठरली आहे. डॉक्टरांनी उन्हाळा सुचवला होता, पण मी नोव्हेंबर मागून घेतला. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली ऑडिटची आणि प्राप्तिकराची धावपळ तोवर संपलेली असते आणि जीएसटीचे वार्षिक रिटर्न डिसेंबरअखेर असते. हात प्लास्टरमध्ये असेपर्यंत मासिक रिटर्नवाले सगळे मैत्रिणीकडे राहतील आणि त्यांची फीही तिचीच असेल. बँकांची स्टेटमेंट एक्सेलमधून टॅलीत आणण्याचे काम माझ्या भाच्याला शिकवायला घेतले आहे. त्याचा हात चांगला बसतो आहे, फक्त विक्री परताव्याच्या नोंदी अजून मला एकदा पाहाव्या लागतात.