घन की वायू? एका रकान्यापायी गेलेले तीन दिवस

धुराचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत द्यायचे असतील तर आधी फोन करून विचारा, ‘नमुन्याचा प्रकार’ या रकान्यात किती खुणा चालतात? मी विचारलं नाही आणि भर मे महिन्यात तीन दिवस गेले.

माझं काम डिझेल जनरेटरच्या धुरातल्या पीएएच, म्हणजे कार्बनच्या अनेक कड्या जोडून बनलेल्या, संयुगांवर आहे. नळीच्या तोंडाशी धूर गरम असतो तेव्हा ती बरीचशी वायुरूपात असतात. धूर निवला की काजळीच्या कणांवर बसतात आणि हवेत विरळ झाला की त्यातली हलकी पुन्हा उडतात. म्हणून पंपावर पुढे क्वार्ट्झचा फिल्टर आणि मागे फोम लावतात. कण फिल्टरवर, वायू फोममध्ये, दोन्ही मिळून एक नमुना. तो भाग दोन दिवसांत झाला.

अडलं प्रयोगशाळेच्या इनवर्डच्या, म्हणजे नमुने स्वीकारण्याच्या, टेबलावर. फॉर्मवर तीन चौकोन होते: घन, द्रव, वायू. मी घन आणि वायू दोन्हींवर खूण केली.

“मॅडम, एकच,” टेबलावरचे म्हणाले.

मी समजावलं, ही सगळी पीएएचच. फेनान्थ्रीन तीन कड्यांचं, बहुतेक हवेतच असतं. पायरीन चार कड्यांचं, ते दोन्हीकडे. बेंझो-ए-पायरीन पाच कड्यांचं, ते कणांनाच धरून राहतं. किती इकडे आणि किती तिकडे, हेच तर मोजायचंय.

“मग दोन अर्ज करा.”

दोन अर्ज म्हणजे गाईडच्या नव्याने सह्या, आणि सर दौऱ्यावर. तोवर नंबर चिकटवायला त्यांनी फिल्टरच्या पिशवीचं सील उघडलं आणि पिशवी तशीच मागच्या रॅकवर ठेवली. फ्रीझरमध्ये ठेवा म्हणून मी तीनदा विनवलं. “नोंद झाल्याशिवाय आत घेता येत नाही.” हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. नोंद मागाहून होऊ शकते, पण उडून गेलेलं फेनान्थ्रीन फिल्टरवर परत येत नाही.

 

नशीब, शेजारी दुसरा पंप लावून घेतलेली जोडी आमच्याच फ्रीझरमध्ये उणे २० अंशांवर होती. तिच्याशी ताडून पाहिलं तर रॅकवरच्या फिल्टरवर फेनान्थ्रीन फारच कमी, पायरीनही घटलेलं, बेंझो-ए-पायरीन मात्र जवळपास तेवढंच. “मानकातलं तर बरोबर आलंय,” असं प्रयोगशाळेकडून उत्तर मिळालं. हवेच्या गुणवत्तेच्या आपल्या २००९ च्या राष्ट्रीय मानकात पीएएचपैकी बेंझो-ए-पायरीनच आहे, वर्षाची सरासरी घनमीटरला १ नॅनोग्रॅम, आणि तेही फक्त कणांवरचं. मला नेमकं बाकीचं हवं होतं.

दुसऱ्या वेळी सह्या केलेले दोन अर्ज, एकच नंबर ‘अ’ आणि ‘ब’ करून, आणि बर्फाच्या पेटीवर मोठ्या अक्षरात ‘आधी फ्रीझर’ असं लिहून नेलं. वीस मिनिटांत काम झालं. फॉर्मवर चौथा चौकोन हवा, असा लेखी अर्जही त्याच टेबलावर दिला. त्याची शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे.