बोनी एमच्या सिंगल : तिसऱ्या महिन्याची नोंद

ठरवलेल्या नऊपैकी सहावी सिंगल (प्रत्येक बाजूला एकेक गाणे असलेली छोटी तबकडी) गेल्या आठवड्यात हाती आली. बोनी एम या सत्तरच्या दशकातल्या डिस्को गटाच्या सिंगल प्रसिद्धीच्या क्रमाने ऐकायच्या आणि प्रत्येकीत निर्माते फ्रँक फारियान यांचा स्वतःचा आवाज कुठे दडला आहे ते कानाने हुडकायचे, एवढाच या उपद्व्यापाचा हेतू आहे.

१९७५ ची 'बेबी डू यू वॉना बम्प' त्या दृष्टीने अगदीच सोपी, कारण तेव्हा गट अस्तित्वातच नव्हता. खर्जातला पुरुषी आवाज फारियान यांचा आणि वरच्या पट्टीतला, बायकी वाटणारा कोरसही त्यांचाच. तबकडी चालू लागली, लोकांसमोर कार्यक्रम करायला माणसे लागू लागली, तेव्हा गट जमवण्यात आला. १९७६ च्या 'डॅडी कूल'पासून लिझ मिचेल आणि मार्शा बॅरेट यांचे आवाज ओळखता येतात. रंगमंचावर सगळ्यांच्या नजरा खेचून घेणारे बॉबी फॅरेल मात्र या मुद्रणांत गात नाहीत, त्यांच्या ओठांवरचा खर्ज फारियान यांचा आहे. ही फसवणूक होती असे मला पूर्वी वाटे. आता वाटते की गट हेही त्यांच्या हातातले एक वाद्यच होते. (पुढे फारियान यांच्याच मिली व्हॅनिली या जोडीच्या वेळी हाच प्रकार अंगाशी आला आणि १९९० मध्ये त्या जोडीचे ग्रॅमी पारितोषिक काढून घेण्यात आले, तो विषय वेगळा.)

'मा बेकर'बद्दल थोडक्यात : चाल 'सिदी मन्सूर' या ट्युनिशियन लोकगीतावरून घेतलेली आहे. दोन्ही लागोपाठ ऐकली की शंका उरत नाही.

सर्वाधिक वेळ १९७८ च्या 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन'ने खाल्ला. माझी प्रत मोठ्या भोकाची आहे, म्हणजे ती मधे प्लास्टिकची चकती बसवूनच वाजवावी लागते, आणि पहिल्याच फेरीत सुरुवातीचा शब्दांविना कोरस झोपाळ्यावर बसल्यासारखा डोलू लागला. मी आधी सुईला दोष दिला, मग तबकडी फिरवणाऱ्या पट्ट्याला. शेवटी घड्याळ लावून मोजले तेव्हा झोका सुमारे १.३३ सेकंदांनी येत होता. मिनिटाला ४५ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीची एक फेरी तेवढ्याच वेळात होते. म्हणजे दोष केंद्राचा होता. मधली चकती किंचित सैल निघाली. तिला कागदी टेपचे दीड वेढे दिल्यावर सूर जागेवर बसला आणि मगच कोरसच्या तळाशी असलेला खर्ज मला वेगळा काढता आला.

मूळ गाणे जमैकाच्या मेलोडियन्स या गटाचे, १९७० चे. त्यातला रास्ताफारी (जमैकातल्या एका धर्मपंथाचा) उल्लेख बदलून येथे बायबलमधल्या स्तोत्रातले शब्द परत आणले आहेत. ब्रिटनमध्ये ही सिंगल पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली, मग घसरत विसाव्यावर आली, तेव्हा तिकडच्या रेडिओवाल्यांनी ती उलटी करून 'ब्राउन गर्ल इन द रिंग' वाजवायला घेतले आणि तीच तबकडी पुन्हा दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. माझ्या प्रतीचीही तीच बाजू जास्त झिजलेली आहे.

पुढची पाळी 'रास्पुतिन'ची. प्रत मिळाली आहे, पण तिच्या काठाशी बोटभर लांब ओरखडा आहे. धुतल्यावर सुई उडते का, ते पुढच्या नोंदीत लिहीन.