वेल की डेझी

दुपारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय. ताई सहज बोलून गेली, वेल कशाला, ती वर चढेपर्यंत थांबणारे कोण, डेझी लाव, लगेच फुलं येतील. बोलली आणि दुसऱ्या विषयावर गेलीसुद्धा, मी मात्र तिथेच अडकले.

भिंतीपाशी दिवसभर ऊन असतं, दोन्ही जगतील. डेझीला मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही, सुकलेली फुलं खुडत राहायची, बस. आणि मला ती आवडतेही. अगदी जवळून बघितलं की मधला पिवळा गोल म्हणजे इवली इवली असंख्य फुलंच असतात, कडेकडून आत उमलत जाणारी. मधुमालतीचं तसं नाही. आधी मूळ धरणार, मग आधार शोधत वर जाणार, पहिलं वर्ष नुसती पानंच बघायची, कदाचित दुसरंही. मग एखाद्या संध्याकाळी पांढरी फुलं उघडणार, दुसऱ्या दिवशी तीच गुलाबी, मग लाल, एकाच घोसात सगळे रंग आणि रात्री तो वास.

थांबणारे कोण. खरंच, कोण? हे सगळं झाल्यापासून मी लांबचं काही ठरवलंच नाहीये, जे हातात घेते ते पटकन उरकणारं. आईची खोली अजून... जाऊ दे. पण ताईलाही वाटतं की हिला आता वाट बघणं झेपणार नाही, ते जास्त लागलं. रडू आलं.

रात्री डेझीबद्दल वाचत बसले. शास्ता डेझी म्हणे ल्यूथर बरबँकने वर्षानुवर्षं संकर करत, रोपं निवडत १९०१ मध्ये आणली. म्हणजे या लगेच येणाऱ्या फुलासाठीही कुणीतरी इतकं थांबलं होतंच की. का कोण जाणे, वाचून बरं वाटलं.

तर मधुमालतीच लावणार. मुळातून फुटवे येत राहतात ते काढायचे, छाटणी करायची नाहीतर सगळी भिंत व्यापेल, करेन मी. दोन वर्षं फुलं नाही आली तर नाही आली. ताईला सकाळी फोन करते आणि तारा ताणायला तिलाच बोलावते, एक टोक कुणीतरी धरायला हवंच.