गिलावा आणि पाणी : नव्या गवंड्यांसाठी काही नोंदी

आयटीआयमधून गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करून साइटवर येणाऱ्या मुलांना ओळंबा, लाइनदोरी आणि गुण्या नीट वापरता येतो आणि त्यांचा हातही बहुधा चांगला वळलेला असतो. तरीही सुरुवातीच्या काळात त्यांच्या गिलाव्याला (प्लास्टरला) केसासारखे बारीक तडे जातात, किंवा थापीच्या मुठीने ठोकल्यावर भिंत जागोजागी पोकळ वाजते. याचे कारण बहुतेक वेळा हातात नसून पाण्यात असते, असे अनेक वर्षे या कामावर देखरेख केल्यानंतरचे माझे मत आहे. भिंतीत, वाळूत आणि मालात (सिमेंट, वाळू आणि पाण्याच्या मिश्रणात) किती पाणी आहे आणि काम झाल्यावर ते किती दिवस मारले गेले, एवढे ज्याला कळले त्याचा गिलावा सहसा सुटत नाही.

भिंतीपासूनच सुरुवात करावी. लाल विटेची भिंत कोरडी असेल, तर ती मालातले पाणी क्षणात ओढून घेते आणि सिमेंटला धरण्यापुरतेही पाणी उरत नाही. म्हणून अशी भिंत आदल्या दिवशी चांगली भिजवावी आणि काम सुरू करताना तिच्यावर पाण्याचे पाझरते थेंब नसावेत, फक्त ओलसरपणा असावा. अंदाज येत नसेल तर मगभर पाणी भिंतीवर मारून पाहावे: पाणी लगेच नाहीसे झाले तर भिंत अजून तहानलेली आहे, आणि ते बराच वेळ चकाकत राहिले तर थोडे थांबावे. कोकणातल्या जांभ्या चिऱ्याच्या भिंतीला पाणी जास्तच लागते आणि तिच्यातले खोल खड्डे आधी वेगळे भरून घ्यावे लागतात, कारण खड्डा आणि सपाट भाग एकाच दमात भरला की खड्ड्यापाशी जाड झालेला माल खाली सरकतो. एएसी ब्लॉकचे (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांचे) मात्र उलट आहे. हा ब्लॉक आत खोलवर पाणी धरून ठेवतो आणि नंतर वाळताना आक्रसतो, म्हणून तो पाइप लावून भिजवू नये, वरवर शिंपडावे. काँक्रीटचे कॉलम आणि बीम पाणी जवळजवळ ओढतच नाहीत. त्यांच्यावरचे शटरिंगचे तेल घासून काढावे, छिन्नीने थोड्या थोड्या अंतरावर टाचे (बारीक खाचा) मारावेत आणि मगच माल लावावा. वीटकाम आणि काँक्रीट जिथे भेटतात त्या सांध्यावर दोन्ही बाजूंना किमान सहा-सहा इंच बसेल अशी जाळी ठोकायची असते, हे सर्वांना माहीत असते, पण ती ताणून न बसवल्यामुळे मधे फुगते आणि तिथेच तडा उमटतो. विजेच्या पाइपांच्या खाचा गिलाव्याआधीच भरून झाल्या आहेत ना, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे.

वाळूबद्दल नव्या मुलांना सर्वांत कमी सांगितले जाते, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. ओलसर वाळू फुगते. साधारण पाच-सहा टक्के ओलावा असलेली बारीक वाळू कोरड्या वाळूपेक्षा पंचवीस टक्के किंवा त्याहून जास्त जागा व्यापते. आता १:४ चा माल करायचा म्हणून एक माप सिमेंटला चार मापे ओलसर वाळू घातली, तर प्रत्यक्षात त्यात ३.२ मापेच वाळू जाते, माल हिशेबापेक्षा कडक होतो आणि वाळताना आक्रसून तडकतो. म्हणजे सिमेंट जास्त पडल्यानेही भिंत बिघडते, ही गोष्ट मालकाला पटवणे कठीण जाते. किती फुगली आहे ते पाहायचे असेल तर सरळ बाजूंच्या डब्यात वाळू सैल भरून वर पाणी ओतावे, ढवळावे आणि ती किती खाली बसली ते मोजावे. जेवढी बसली त्या प्रमाणात वाळूची मापे वाढवावीत. माप घमेल्याने घेऊ नये, कारण एक बिगारी घमेले शीग लावून भरतो आणि दुसरा अर्धे भरतो. ५० किलोची सिमेंटची गोणी म्हणजे सुमारे ३५ लिटर, तेवढ्याच आकाराचा लाकडी फर्मा करून घ्यावा. वाळूत माती किती आहे ते काचेच्या बाटलीत वाळू आणि थोडे मीठ घातलेले पाणी हलवून तीन तास ठेवल्यावर दिसते. वर बसलेला चिखलाचा थर वाळूच्या उंचीच्या आठ टक्क्यांहून जाड असेल तर ती वाळू धुऊन घ्यावी किंवा परत पाठवावी. क्रश सँडमध्ये (दगड फोडून केलेल्या वाळूत) माती नसली तरी दगडाची भुकटी असते आणि ती जास्त झाली की तडे तसेच जातात.

आतल्या भिंतींना १:५ किंवा १:६, छताला १:३ किंवा १:४, बाहेरून १:४ असे प्रमाण आपल्याकडे चालते. पाणी घातल्यावर अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवावा. जेवणाच्या सुट्टीत घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो मऊ करणे ही आपल्या साइटवरची जुनी खोड आहे, आणि ठेका ब्रासवर (शंभर चौरस फुटांच्या मापावर) असला की तिला कोणी हटकत नाही. आतून साधारण १२ मिमी, विटेच्या खडबडीत बाजूला १५ मिमी आणि बाहेरून दोन थरांत २० मिमी ही जाडी पुरेशी असते. भिंत ओळंब्यात नसेल आणि जास्त भरावे लागणार असेल, तर पहिला थर ओरखडे काढून सोडावा, पाणी मारावे आणि दुसरा थर नंतर द्यावा.

अंतिम हात कधी मारायचा, हे अनुभवाने कळते असे म्हणतात, पण त्याची एक खूण सांगता येते. बोट हलके दाबल्यावर ठसा उमटतो आणि बोटाला माल चिकटत नाही, ती वेळ लाकडी रंध्याची (गिलावा घोटून सपाट करायच्या फळीची) असते. त्याआधी रंधा फिरवला तर पाणी आणि सिमेंटची मलई वर येते आणि वाळल्यावर तीच जाळीसारखी तडकते. घाईत असलेला गवंडी तो ओलावा टिपण्यासाठी वर कोरडे सिमेंट भुरभुरतो; हे करूच नये. नीरूचा (चुन्याच्या बारीक लेपाचा) हात द्यायचा असेल तर तो गिलावा पुरता वाळण्याआधी, दीड मिमीच्या आत, पोलादी थापीने घोटून द्यावा.

सिमेंटच्या गिलाव्याला दुसऱ्या दिवसापासून निदान सात दिवस पाणी मारावे. विदर्भातल्या मे महिन्यात सकाळ-संध्याकाळचे दोन हात पुरत नाहीत. उन्हाच्या बाजूला ओले गोणपाट लावावे लागते. जिप्समच्या गिलाव्याला मात्र काम झाल्यावर पाणी मारायचेच नसते, आणि हाच फरक नवे गवंडी विसरतात. जिप्सममध्ये पाणी ओतू नये, पाण्यात जिप्सम सोडावे. पिपाला चिकटलेला जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवे कालवू नये, कारण आधी धरलेल्या जिप्समचे कण नव्या मालाला फार लवकर घट्ट करतात. न्हाणीघर, बाहेरची भिंत आणि लोणा (क्षारांचा पांढरा थर) लागलेली भिंत येथे जिप्सम कधीच वापरू नये.

पांढऱ्या सिमेंटच्या पुट्टीने गिलाव्यातले खड्डे भरायचे नसतात. दोन हात मिळून तिची जाडी दीड मिमीपेक्षा जास्त होऊ नये, पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये आणि कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपवावी. पुट्टीआधी भिंत हलकी ओली करावी, पण गिलाव्यात मुरलेले पाणी मात्र आधी पूर्ण निघून गेलेले असावे. संध्याकाळी भिंतीला चिकटून बॅटरीचा झोत मारला की दिवसा न दिसलेल्या लाटा दिसतात. तिथे पेन्सिलीने खूण करून सकाळी तेवढाच भाग घासावा. घासताना तोंडाला चांगला मास्क लावावा, आणि प्रायमर लावण्यापूर्वी भिंतीवरची भुकटी कोरड्या ब्रशने झाडून घ्यावी, नाहीतर प्रायमर भिंतीला न चिकटता भुकटीला चिकटतो.