ओलं चित्र घेऊन पळाला म्हणून

रविवार, रात्र

आज परत लेनबाखहाऊस या कला संग्रहालयात गेले. म्युनिकमध्ये राहायला आल्यापासूनची ही तिसरी खेप, आणि परत त्याच एका चित्रासमोर पाय अडकले. यावलेन्स्की या रशियन चित्रकाराने १९०९ मध्ये केलेलं अलेक्झांडर साखारोफ या नर्तकाचं पोर्ट्रेट. कॅनव्हास पण नाही, पुठ्ठ्यावर तेलरंग.

लांबून आधी फक्त लाल दिसतो. कपड्याचा लाल, पण घड्या, शिवण, काही म्हणजे काही रंगवलेलं नाही, नुसता रुंद ब्रश फिरवलाय, आणि मागे निळसर हिरवा असल्यामुळे तो लाल अजूनच पेटतो. चेहरा रंग लावलेला, पांढुरका, त्यात हिरवट झाक, डोळ्यांभोवती दाट काळं. बाई की पुरुष हा प्रश्न पडायच्या आतच तो आपल्याकडे तिरकं बघून हसतो. मला एकदम गावच्या दशावतारातला रंगपटात बसलेला स्त्रीपार्टी आठवला, लुगडं नेसून तयार, एंट्रीची वाट बघत विडी ओढणारा. (लहानपणी आम्ही पडद्याच्या फटीतून बघायचो आणि ओरडा खायचो.)

साखारोफही असाच कार्यक्रमाच्या आधी मेकअप-ड्रेससकट स्टुडिओत आला होता म्हणे, आणि यावलेन्स्कीने अर्ध्या तासाच्या आत हे उरकलं. रंग वाळायच्या आधीच साखारोफ चित्र उचलून घेऊन गेला, कारण त्याला भीती होती की हा बाबा नंतर परत हात मारत बसेल आणि सगळं बदलून टाकेल.

हे वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये, कारण मी नेमकी तीच आहे, हात मारत बसणारी. आईचं पोर्ट्रेट गेल्या दिवाळीत काढलं ते पहिल्या तासाभरात काय सुंदर झालं होतं, गालावर चुकून एक हिरवा फटकारा गेला होता आणि त्यानेच ती आई वाटत होती, दमलेली, तरी मान ताठ. मग मी म्हटलं हिरवा कसा असेल गाल, आणि बसले चिवडत. चार दिवसांनी गाल अगदी गालासारखा झाला आणि चित्र पासपोर्ट फोटोसारखं.

आज येऊन ते परत बाहेर काढलं. कानामागे कोपऱ्यात त्या हिरव्याचा नखाएवढा तुकडा राहिलाय. रूममेटला सांगितलं, उद्या मी नवीन सुरू करतेय, तासाभराने ये आणि न विचारता बोर्ड उचलून तुझ्या खोलीत ने. ती म्हणाली ओला रंग माझ्या गादीला लागला तर?